त्रेसष्ट नंबरचं सर्टिफिकेट

१

खारवाडीच्या नव्या जेटीचा समुद्राकडे काढलेला कट्टा ९ मे १९८८ रोजी, सोमवारी सकाळी साडेदहाला कोसळला. तो दिवस कट्ट्यावर वजन घालून पाहण्याचा होता. वर वाळूची पोती रचली होती, आणि खाली गुडघाभर पाण्यात उभा राहून सत्यवान कोयंडे कट्टा किती वाकतो ते पट्टीने मोजत होता. त्याला बाहेर काढेपर्यंत दुपार झाली. तो चौतीस वर्षांचा होता. त्या कट्ट्यातल्या सळ्या त्यानेच बांधल्या होत्या.

चौकशीचा कागद शुक्रवारी ओरोसला भिकाजी नेरुरकरांच्या टेबलावर आला. नेरुरकर खात्याचे दक्षता अधिकारी होते, म्हणजे खात्यात कोणी काही चोरलं, बुडवलं किंवा पाडलं की तिथे जाऊन विचारपूस करायची आणि अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. त्यापूर्वी तीस वर्षं त्यांनी कोठारातच काढली होती. ऑगस्टमध्ये ते निवृत्त व्हायचे होते. गुडघे त्याआधीच निवृत्त झाले होते.

वरच्या साहेबांनी त्यांना बसवून घेऊन सगळं समजावून सांगितलं. कट्ट्यातलं लोखंड कच्चं निघालं होतं. कोठारात कॉम्प्युटर चालवणाऱ्या मुलीने नंबर टाइप करताना चूक केली, म्हणून ते लोखंड पास झालं. अपघातानंतर तिने घाबरून फाइलमधला कागदही काढून टाकला असणार. मुलगी निलंबित आहे, पोलिसांना अहवाल मिळाला की ती अटकेत जाईल. चार पानं लिहायची, सही करायची. साहेब म्हणाले की नेरुरकरांना या वयात जास्त दगदग नको, म्हणूनच त्यांनी हे सोपं प्रकरण त्यांच्याकडे दिलं होतं.

नेरुरकरांना ते पटलंही असतं. मे महिन्यातली ती दुपार, डोक्यावर तापलेला पत्रा, आणि मालवणपर्यंतचा एसटीचा प्रवास. चार पानं त्यांनी इथेच बसून लिहिली असती. पण सोबतच्या कागदांत त्या मुलीचा जबाब होता, आणि त्यात एकच वाक्य होतं: ‘५१८६ ही नोंद मी केलेली नाही.’ चूक झालेला माणूस चूक झाली असं म्हणतो, किंवा आठवत नाही असं म्हणतो. मी केलंच नाही, असं सहसा म्हणत नाही.

त्यांनी छत्री उचलली आणि स्टँडचा रस्ता धरला.

२

जेटीपाशी त्यांनी पहिल्यांदा मोडलेल्या सळ्यांची टोकं पाहिली. चांगली सळई तुटण्याआधी ताणते, कमरेत बारीक होते आणि मग तुटते. इथली टोकं मोडलेल्या खडूसारखी सपाट होती. काही सळ्या मात्र तुटल्या नव्हत्या, नुसत्या वाकून लोंबत होत्या. एकाच थप्पीतल्या सळ्या दोन तऱ्हांनी वागत होत्या, याची त्यांनी वहीत नोंद केली.

मग ते कोठारात गेले. तिथे जांभ्या दगडाची एक लांब खोली, मागे आवार, आणि एका कोपऱ्यात काचेच्या तावदानाआड वर्षापूर्वी आलेला कॉम्प्युटर. इंजिनिअर विश्राम सामंत यांनी त्यांना सगळी पद्धत सांगितली. सामंत तिशीतला चुणचुणीत माणूस होता, पण गेल्या चार दिवसांत त्याची दाढी वाढली होती. भट्टीतून निघणाऱ्या पोलादाच्या प्रत्येक घाण्याला एक नंबर असतो, हीट नंबर. सळ्यांच्या बंडलाला पत्र्याचा बिल्ला बांधून त्यावर तो नंबर ठोकतात. त्याच नंबरचं सर्टिफिकेट कारखाना देतो: किती ताण सोसला, किती लांबली, कार्बन किती. पूर्वी हे कागद एका पेटीत पडून राहायचे. आता ते आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे. मशीन प्रत्येक सर्टिफिकेटला ओळीने क्रमांक देतं, तोच क्रमांक लाल पेन्सिलीने कागदावर लिहून कागद फाइलला लावायचा. आणि ज्या हीट नंबरचं सर्टिफिकेट मशीनमध्ये नाही, त्याचा माल बाहेर द्यायची चिठ्ठी मशीन छापतच नाही.

“म्हणजे दाखल्याशिवाय एक सळई इथून बाहेर जाऊ शकत नाही,” सामंत म्हणाला. बोलताना त्याचा आवाज उतरला. तो पूर्वी हेच अभिमानाने सांगत असणार.

कट्ट्याच्या सळ्यांचा हीट नंबर ५१८६. मशीनमध्ये तो होता, क्रमांक त्रेसष्टवर, सगळे आकडे उत्तम. फाइलमध्ये मात्र बासष्टनंतर एकदम चौसष्ट.

सामंताने यादी छापून दिली. क्रमांक चाळीसवर हीट नंबर ५१६८ होता, फेब्रुवारीतला. चाळीस आणि त्रेसष्टचे आकडे नेरुरकरांनी शेजारी धरले. ते दशांशापर्यंत एकच होते. दोन घाण्यांचं पोलाद कधी असं जुळं निघत नाही. सामंताचं म्हणणं असं की तेच तर, मुलीने एकच कागद चुकून दोनदा भरला, आणि दुसऱ्यांदा आठ आणि सहा उलटे पडले.

नेरुरकरांनी फाइल उजेडात नेली. प्रत्येक सर्टिफिकेटला डाव्या कोपऱ्यात चलन टाचणीने लावलेलं होतं. समुद्राकाठच्या हवेत टाचणी महिन्याभरात गंजते आणि वरच्या कागदाच्या पाठीवर तांबडा डाग पाडते. चौसष्टच्या टाचणीचा डाग बासष्टच्या पाठीवर होता, जुना, खोल, कागद खाऊन गेलेला. मधे त्रेसष्ट असतं तर तो डाग त्रेसष्टवर पडला असता. चार-पाच दिवसांपूर्वी कोणी कागद काढला असता, तर बासष्टची पाठ कोरी दिसली असती.

कागद नाहीसा झालाच नव्हता. तो तिथे कधी नव्हताच.

हे त्यांनी सामंताला सांगितलं नाही. कोठारपाल गंगाराम चिंदरकर दाराशी उभा होता, त्यालाही नाही. गंगाराम त्यांचा जुना माणूस. तीस वर्षांपूर्वी कुडाळच्या कोठारात तो त्यांच्या हाताखाली होता. त्याने चहा मागवला, गुडघ्यांची चौकशी केली. कॉम्प्युटरबद्दल विचारल्यावर म्हणाला, त्या खोलीची चावी त्याच्याकडे असते खरी, पण त्या डब्याला त्याने कधी हात लावला नाही. “माका त्येतला काय एक कळना नाय, भाऊनू. आमचा आपला रजिस्टर बरा होता.”

निघताना नेरुरकरांनी यादी पुन्हा उघडली, आणि या वेळी त्यांची नजर शेवटच्या रकान्यावर गेली. प्रत्येक नोंदीपुढे ती केल्याची तारीख होती. बासष्टपुढे ३० मार्च, चौसष्टपुढे ४ एप्रिल. त्रेसष्टपुढे १ जानेवारी १९८०.

सामंत म्हणाला, मशीनचा दोष, व्होल्टेजमुळे असं होतं. नेरुरकरांनी मान डोलावली. त्या तारखेला हा कॉम्प्युटर नव्हता, जेटी नव्हती, सिंधुदुर्ग नावाचा जिल्हासुद्धा नव्हता.

३

शनिवार-रविवार गेल्यावर सोमवारी नेरुरकर सत्यवानच्या घरी गेले. त्याची बायको सीता वाडीच्या टोकाला राहायची. अंगणात जाळं सुकत होतं आणि भावकीतली माणसं बसलेली होती. नेरुरकरांनी आयुष्यात अशा बऱ्याच अंगणांत चौकशीची वही उघडली होती, आणि दर वेळी ती मांडीखाली लपवावीशी वाटे. सीता उंबऱ्यात येऊन बसली. ती रडत नव्हती. त्यांनी विचारण्याआधीच तिने सांगायला सुरुवात केली, जणू कोणी विचारायला येईल म्हणून ती आठ दिवस थांबून राहिली होती.

एप्रिलच्या सुरुवातीला, कट्ट्याच्या सळ्या बांधायचं काम चालू झालं त्या दिवशी, सत्यवान घरी आला तो गप्प होता. जेवताना म्हणाला, बाकड्यावर वाकवताना दोन सळ्या कटकन मोडल्या, असं कधी होत नाही. सकाळी मोडलेले तुकडे पिशवीत घालून तो कोठारात दाखवायला गेला.

“मगे?” नेरुरकरांनी विचारलं.

“मगे काय. थयसून सांगलांनी, माल कॉम्प्युटरान पास केल्यान हा, तू तुझा काम कर. ह्यांका काय, लिवलेला दिसला की खरा वाटायचा. परत येवन त्याच सळये बांधूक लागले.”

कोणी सांगितलं, ते तिला ठाऊक नव्हतं. ऑफिसातून, एवढंच तो म्हणाला होता.

ऑफिसात कॉम्प्युटरचं नाव घेऊन बोलणारी माणसं दोन. एक ती मुलगी, दुसरा सामंत. नेरुरकर तिथून उठले ते सरळ त्या मुलीच्या, मारियान आल्मेडाच्या घरी गेले.

घर रस्त्याला लागूनच होतं, पुढे पांढरा क्रूस आणि जास्वंद. मारियान चोवीस वर्षांची, पणजीला सहा महिने राहून कॉम्प्युटर शिकलेली. आठवड्याभरात तिने घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. तिच्या आईने, क्लेमेंटिनाबाईंनी, कोकमाचं सरबत आणून ठेवलं आणि त्या तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

सत्यवानला तू काही सांगितलंस का, असं विचारल्यावर मारियान म्हणाली की तो तिच्याकडे आलाच नव्हता. आला असता तर तिने त्याला बिल्ल्याचा नंबर विचारला असता. त्रेसष्टची नोंद तिची नव्हती. नोंदीखाली एम. ए. ही तिच्या नावाची अक्षरं आहेत, पण ती प्रोग्रॅम आपोआप टाकतो, समोर कोणीही बसलेलं असो.

मग नेरुरकरांनी तारखेचं विचारलं, आणि ती पहिल्यांदा सरसावून बसली.

“साहेब, ते मशीन बंद केलं की तारीख विसरतं. सकाळी चालू केल्यावर ते आधी तारीख विचारतं, मग वेळ. आपण काही न भरता पुढे गेलो, तर ते एक जानेवारी ऐंशी धरून चालतं आणि घड्याळ शून्यापासून सुरू करतं. मी रोज तारीख भरते. सामंतसाहेबांनीच मला पहिल्या दिवशी बजावलं होतं.”

नेरुरकरांनी पेन खाली ठेवलं. सामंताला हे माहीत होतं. माहीत असून तो व्होल्टेज म्हणाला होता.

३० मार्चच्या बुधवारी संध्याकाळी मारियान रजेवर वेंगुर्ल्याला मावशीकडे गेली होती. गुरुवार, गुड फ्रायडे, मग ईस्टरचा रविवार धरून ती सोमवारी कामावर आली. त्या सोमवारी पहिलं सर्टिफिकेट भरलं तर मशीनने क्रमांक दिला चौसष्ट. तिने सामंताला विचारलं, त्रेसष्ट कुठे? तो घाईत होता. असेल फाइलला, तू काम बघ, म्हणाला.

“मी उघडून बघायला हवं होतं,” मारियान म्हणाली. “दोन मिनिटांचं काम होतं. मी बघितलं नाही.” आणि मग ऑफिसातली मराठी तिला पुरेनाशी झाली. “आमी बघूचा म्हणान तर तो डबो हाडलेलो मां, साहेब? आणि मीच बघूक नाय.”

क्लेमेंटिनाबाईंनी तोंडावर पदर घेतला.

४

दुसऱ्या दिवशी नेरुरकरांनी आधी सामंताला गाठलं. कोठारात नाही, जेटीवर, तुटलेल्या कट्ट्यासमोर. तारखेचं खोटं का बोललात, एवढंच विचारलं.  सामंताने सांगून टाकलं. मालाचा ट्रक २२ मार्चला आला होता, सर्टिफिकेट मागाहून टपालाने येणार होतं. दहा दिवस झाले तरी आलं नाही. लाकडी साचा उभा राहून तयार, माणसं बसून, वरून रोज फोन. शनिवारी, २ एप्रिलला, माल द्यायची छापील चिठ्ठी त्याच्या टेबलावर आली. सर्टिफिकेट आलं असणार असं त्याने धरून चाललं. पाहिलं नाही, सही केली. अपघातानंतर यादीत ती तारीख पाहिली तेव्हा त्याला कळलं की रजेच्या दिवसांत कोणीतरी मशीनवर बसलं होतं. पण ते उकरलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, चिठ्ठीवर सही कोणाची?

“आणि मुलगी?” नेरुरकरांनी विचारलं.

सामंत कट्ट्याच्या तुटलेल्या कडेवरची वाळू बुटाने खाली ढकलू लागला.

हा माणूस भित्रा होता. पण नोंद त्याने केली असेल का, यावर नेरुरकर कोठाराकडे चालत जाताना विचार करत होते. दुपारची वाळू चपलांतून भाजत होती. तारखेचं ज्याला माहीत आहे, तो खोटी नोंद करायला बसला तर पहिल्यांदा तारीखच भरेल. मुलगी कामावर असतानाची एखादी तारीख टाकली असती तर कोणालाच कधी संशय आला नसता. मारियानला माहीत होतं, सामंताला माहीत होतं. ज्याने तारीख रिकामी सोडली, त्याला तिथे काय विचारलंय हेच कळलं नव्हतं. समोर इंग्रजीत प्रश्न आला, आणि ती मुलगी जे मोठं बटण दाबताना दिसायची ते त्याने दाबलं.

त्यांनी मारियानला कोठारात बोलावून घेतलं होतं. ती आली, कोणाकडे न पाहता काचेच्या खोलीत गेली, मशीन चालू केलं. मशीनने तारीख विचारली, तिने भरली. छापील यादीत नोंदीचे सगळे रकाने येत नाहीत, असं ती म्हणाली होती. तिने त्रेसष्टची पूर्ण नोंद पडद्यावर उघडली.

वेळेच्या रकान्यात होतं, शून्य तास एक्कावन्न मिनिटं. मशीन चालू केल्यापासून एक्कावन्न मिनिटं. मारियान म्हणाली, एका सर्टिफिकेटला तिला तीन मिनिटं लागतात. सामंतसाहेबांना फार तर दहा.

“ज्याला एकेक अक्षर शोधावं लागतं त्याला?”

“तेवढा वेळ लागेलच,” ती म्हणाली. मग तिने अगदी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे शेरा लिहायला जागा होती. ती जागा मारियान नेहमी मोकळी सोडायची, तिथे काही भरणं सक्तीचं नव्हतं. या नोंदीत मात्र सहा इंग्रजी अक्षरं होती. मारियानला वाटलं होतं हा कारखान्याचा काही संकेत असावा.

पी, ए, एच, आय, एल, ई.

नेरुरकरांनी ती एकदा वाचली. शेजारचं स्टूल ओढून ते खाली बसले.

पाहिले.

५

कुडाळच्या कोठारात पोरसवदा गंगाराम पहिल्यांदा रुजू झाला तेव्हा नेरुरकरांनीच त्याला शिकवलं होतं. माल आला की कागदावर विश्वासायचं नाही. बंडलातली एक सळई काढायची, बाकड्यावर वाकवायची, वाकलेल्या जागी तडा गेलाय का बघायचं. मग रजिस्टरात आपल्या हाताने लिहायचं, ‘पाहिले’. त्या शब्दाखाली माल गेला की जबाबदारी आपली. गंगारामने तीस वर्षांत एकही ओळ त्या शब्दाशिवाय लिहिली नव्हती. मशीनवरही त्याला ती तशी सोडवली नाही.

नेरुरकरांनी त्याला मागच्या आवारात बोलावलं. ५१८६चं एक न फोडलेलं बंडल ताडपत्रीखाली पडून होतं. दोन कामगार उभे होते. नेरुरकर म्हणाले, गंगाराम, एक सळई वाकवून दाखव.

गंगारामने त्यांच्याकडे पाहिलं. मग बंडलाच्या कडेची एक सळई ओढली, बाकड्यात अडकवली आणि पाइप लावून जोर केला. बावन्न वर्षांचा माणूस, पण हात तयार होता. सळई वळली आणि गळासारखी वाकडी झाली. तडा नव्हता.

“अशीच बघलंस?”

“अशीच,” गंगाराम म्हणाला. नकार देण्यात त्याने वेळ घालवला नाही.

“आता मधली एक काढ.”

कामगारांनी बंडलाच्या तारा कापल्या. बाहेरचा एक थर बाजूला झाल्यावर आतल्या सळ्यांचा रंगच वेगळा दिसला. माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने भंगार वितळवून ओढलेल्या सळ्या आत भरून बाहेरून चांगला माल गुंडाळला होता. गंगारामने आतली एक सळई बाकड्यात घातली. अर्धा जोर लागला नाही तोच ती मोडली. त्याने दुसरी घेतली. तीही मोडली. तिसरी त्याने घेतली नाही. पाइप खाली ठेवला, आणि बाकड्यावरच बसला.

कामगारांना नेरुरकरांनी पाठवून दिलं. मग गंगाराम बोलू लागला, खालच्या आवाजात, मधे मधे थांबत. सामंत रोज माल कधी देताय म्हणून विचारायला यायचा. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी आला तेव्हा हसत म्हणाला, गंगारामभाऊ, ह्या डब्यापुढे आता तुमच्या अनुभवाला कोण विचारतो. तो गमतीत म्हणाला होता. गंगारामने त्याच दुपारी सळई वाकवली, ती चांगली वाकली. पूर्वी तेवढं पुरलं असतं. आता तेवढ्याला चिठ्ठी छापून मिळत नव्हती. मुलगी रजेवर होती. वर्षभर तो समोरच्या स्टुलावर बसून तिची बोटं बघत आला होता. चाळीस नंबरचा कागद नंबराला जवळचा, म्हणून त्याने त्यावरचे आकडे उतरवले. खरं सर्टिफिकेट टपालाने आलं की तो कागद लावणार होता आणि आकडे मुलीकडून दुरुस्त करून घेणार होता. तो रोज पोस्टमनची वाट पाहत होता. कागद आला नाही.

“आणि सत्यवान?”

गंगारामने दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

“तो पिशवीत तुकडे घेवन इलो. माका वाटला, दोन-चार सळये वायट निघतत, तसले. पण मी तेका ‘मी बघलंय’ म्हणान सांगूक नाय, भाऊनू. मी सांगलंय, कॉम्प्युटरान पास केल्यान.”

“कित्याक?”

“त्येका माझो शब्द पुरलो असतो. तो माझ्यार विश्वास ठेवी.” तो थांबला. “माझो माकाच पुरलो नाय.”

आवाराच्या भिंतीवर कावळे येऊन बसले होते. नेरुरकरांना पुढचा प्रश्न विचारावासा वाटत नव्हता, पण विचारायला हवा होता. त्या मुलीचं नाव आलं तेव्हा तू गप्प कसा बसलास?

“नाव मशीनान घातल्यान. मी खंय घातलंय?” गंगाराम म्हणाला, आणि म्हणता म्हणताच ते आपल्याला कसं ऐकू येतंय हे त्याला कळलं असावं. त्याने मान खाली घातली. “आठ दिस मी ह्याच स्वताक सांगत रवलंय.”

जबाब त्याने स्वतःच्या हाताने लिहिला. वळणदार, रजिस्टरातलं अक्षर. तो लिहीत असताना काचेच्या खोलीत मारियान मशीन बंद करत होती. तिला सगळं कळलं होतं. जाताना ती गंगारामसमोर क्षणभर उभी राहिली. त्याने वर पाहिलं नाही. ती निघून गेली.

६

अहवाल चार पानांचा झाला नाही, अकरा पानांचा झाला. त्यात व्यापाऱ्याचं बंडल होतं, सामंताची न पाहता केलेली सही होती, गंगारामची एक्कावन्न मिनिटं होती. मारियान आल्मेडा हिचा या नोंदीशी काहीही संबंध नाही, हे वाक्य नेरुरकरांनी स्वतंत्र परिच्छेद करून लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की एका सळईवरून सबंध बंडल पास करायची पद्धत चिंदरकर यांना प्रस्तुत अधिकाऱ्याने स्वतः शिकवली होती, आणि तीस वर्षं हा अधिकारी स्वतःही तसंच करत होता.

साहेबांनी या शेवटच्या वाक्याभोवती पेन्सिलीने गोल केला. हे कशाला, निवृत्तीला तीन महिने राहिलेत, म्हणाले. नेरुरकरांनी तो अहवाल तसाच ठेवला. त्यांच्यात वाद घालायचं त्राण नव्हतं, आणि वाक्य खोडायचंही नव्हतं.

गंगारामला पोलीस घेऊन गेले. मारियानचं निलंबन उठलं. ती कामावर हजर झाली त्याच दिवशी तिने पहिल्यापासूनचं एकेक सर्टिफिकेट काढून बिल्ल्यांशी ताडून पाहायला घेतलं, कोणी सांगितलं नव्हतं तरी. सामंताची बदली झाली, त्याची चौकशीही लागली.

हे सगळं मार्गी लागल्यावर नेरुरकर एका सकाळी पुन्हा खारवाडीला गेले. तसं जायचं कारण नव्हतं. अहवालाची प्रत मृताच्या घरी द्यायची असा काही नियम नाही. पण सीताने वाट पाहत बसू नये, असं त्यांना वाटलं होतं.

ती मागीलदारी मासे साफ करत होती. हात धुऊन आली. त्यांनी तिला पहिल्यापासून सांगितलं, सोपं करून, काही न लपवता. सत्यवानला ते उत्तर कोणी दिलं, तेही सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“गंगारामदादान?” ती म्हणाली. “आमच्या लग्नाक इल्लो तो.”

“होय,” नेरुरकर म्हणाले.

“तेका काय गावला ह्येच्यात?”

“काही नाही.”

“काय एक नाय?”

“नाही.”

ती उंबऱ्यावर बसली. ओल्या हातांना चिकटलेला मासळीचा एक खवला तिने नखाने काढला आणि बोटावर धरून पाहत राहिली.

“फायद्यासाठी केल्यान असता तर बरा झाला असता,” ती म्हणाली. “आता मी राग तरी कोणावर काढू?”

एसटीला अजून तास होता. नेरुरकरांनी छत्री भिंतीला टेकवली आणि न विचारताच ते तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. गुडघ्यांना ते जमणारं नव्हतं, पण बसले.